तीन सारखे रोबोट, तीन वेगळी कामं: बॅटलटेकमधले ५५ टनी कसे बदलायचे

बॅटलटेक म्हणजे हेक्सच्या (सहा कोनी घरांच्या) नकाशावर रोबोट लढवायचा टेबलावरचा खेळ. त्यातले ग्रिफिन, शॅडो हॉक आणि वूल्व्हरिन हे तीन रोबोट टेबलावर ठेवले की नवीन आलेला माणूस विचारणारच, "तिन्ही सेमच आहेत की बे?" आणि तो फार चुकत पण नाही. तिघं ५५ टनाचे, चालले तर ५ हेक्स, पळाले तर ८, इंजिन तेच, आर्मर पण तिघांचं साडेनऊ टन. फरक फक्त उडीत (शॅडो हॉकची ३ हेक्स, बाकी दोघांची ५) आणि हत्यारांत, आणि तिथं पण शॅडो हॉकला सगळंच थोडं थोडं देऊन ठेवलंय. मी इथं खेळातल्या ३०२५ सालच्या साध्या टेकचंच सांगतोय, क्लॅनचं (खेळात नंतर येणाऱ्या टोळ्यांचं) भारी सामान आलं की गणित बदलतं.

आधी कागदावर वजन मांडा. सांगाडा एकूण वजनाच्या १० टक्के म्हणजे साडेपाच टन. इंजिन रेटिंग म्हणजे वजन गुणिले चालण्याचा स्पीड, ५५ गुणिले ५ म्हणजे २७५, त्या इंजिनचं वजन साडेपंधरा टन. जायरो (तोल सांभाळणारा भाग) ३, कॉकपिट ३. झाले २७ टन, याला हात लावायचा नाही. स्पीड ४ वर आणला तर इंजिनमध्ये साडेपाच टन वाचतात खरे, पण हे रोबोट पळण्यासाठीच आहेत, हळू केल्यावर त्यांच्यात काय उरलं? म्हणजे तुमच्या हातात राहिले २८ टन, त्यात आर्मर, जंप जेट (उडी मारायला), हीट सिंक (प्रत्येकी १ उष्णता घालवणारे), हत्यारं सगळं बसवायचं. पहिले १० हीट सिंक इंजिनसोबत फुकट येतात हे विसरू नका.

आता एकेकाला एकच काम द्यायचं.

वूल्व्हरिनला जवळ जाऊन मारायला ठेवा. त्याची एसी-५ तोफ ८ टनाची आणि दारूगोळा १ टन, एवढं वजन वाहून नुकसान किती तर ५! तेवढंच नुकसान मीडियम लेझर १ टनात करते, रेंज निम्मी असली तरी जवळच जायचंय तर काय फरक पडतो. तोफ काढली की ९ टन मोकळे, त्यात ३ मीडियम लेझर, ४ हीट सिंक आणि २ टन आर्मर. आता लेझर ४, एसआरएम-६ (जवळ मारायचं मिसाइल) आहेच, सगळं एकदम मारलं तर उष्णता १६ आणि सिंक पण १६ (तिघांतही आधीपासून १२ आहेत). पूर्ण ५ हेक्स उडी मारून फायर केलं तर उरलेली उष्णता ५ वर जाते, म्हणजे पुढच्या टर्नला चाल एकनं कमी, तेवढं चालतं.

शॅडो हॉकचं तर सगळा दारूगोळाच काढून टाका असं माझं मत. एसआरएम-२ च्या एका टनात ५० फैरी येतात, अख्खी संध्याकाळ खेळला तरी संपणार नाहीत, आणि फुटला तर मार आतल्या आत बसतो. एसी-५ चा पूर्ण भरलेला टन फुटला की १०० पॉइंटचं नुकसान, आणि मधल्या छातीचा सांगाडा असतो फक्त १८ चा. एसी-५, एलआरएम-५ (लांब मारायचं मिसाइल), एसआरएम-२ दारूगोळ्यासकट काढले की १४ टन मिळतात. लार्ज लेझर ५, अजून एक मीडियम लेझर १, आर्मर २, हीट सिंक ६. तीन हेक्स उडी मारून सगळं फायर केलं तरी उष्णता १७, सिंक १८. दिवसभर मारत बसा.

ग्रिफिन लांबूनच मारतो, त्याला जास्त छेडू नका. एलआरएम-१० चा २ टन दारूगोळा म्हणजे २४ फैरी, त्यातला १ टन काढून मीडियम लेझर द्या, कारण पीपीसी (त्याची कणांचा झोत मारणारी मोठी तोफ) आणि एलआरएम दोन्हींना फार जवळचं नीट मारता येत नाही.

आर्मर साडेअकरा टन केलं की १८४ पॉइंट येतात, ५५ टनीला जास्तीत जास्त १८५. डोक्याला मात्र ९ च, कितीही टन घातले तरी, त्यामुळं एसी-२० (एका फटक्यात २० नुकसान करणारी तोफ) वाला समोर असेल तर लांबच राहा.

खेळण्याआधी समोरच्याला रोबोटची नवीन शीट दाखवा आणि बॅटल व्हॅल्यू (त्याच्या ताकदीचा आकडा) परत काढा. मेगामेकलॅब हा रोबोट डिझाइन करायचा प्रोग्रॅम फुकट आहे, वजन चुकलं तर लगेच सांगतो आणि बॅटल व्हॅल्यू पण काढून देतो. हे न करता "माझाच जरा बदललाय" म्हणून टेबलावर आणला की भांडण ठरलेलं.

राहिलं रंगकाम. मॉडेलमध्ये पण फरक दिसायला पाहिजे, नाहीतर चौथ्या टर्नला कोणता कुणाचा कळत नाही. प्रत्येकाच्या बेसच्या कडेला वेगळा रंग मारा, पाठीवर नंबर टाका. सोलापुरात मे महिन्यात दुपारी अ‍ॅक्रेलिक काढलं की प्लेटमध्येच वाळतं, त्यामुळं डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग. फॅन बंद करून सकाळीच बसा. प्लॅस्टिकची तोफ वाकली असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात घालायची. हात बदलता यावेत म्हणून छोटे मॅग्नेट लावणार असाल तर चिकटवायच्या आधी स्केचपेननं एका बाजूला खूण करा, उलटा चिकटला की हात बसायचा सोडून लांब उडतो, आणि फेविक्विक लावलेला मॅग्नेट परत काढताना खांदाच तुटतो.