बेलर्मीनसारख्या मुलांच्या कॅथलिक हायस्कूलमध्ये नववीचा प्रवेश : तयारी कशी करावी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधलं बेलर्मीन कॉलेज प्रेपरेटरी हे जेझुइटांचं (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं), फक्त मुलांचं हायस्कूल. सुरुवात १८५१ ची, सांता क्लारा कॉलेजच्या आवारातली. वर्ग नववी ते बारावी, आणि सगळा अभ्यासक्रम विद्यापीठ प्रवेशाच्या दिशेनं आखलेला. बे एरियातल्या मराठी घरांत मुलगा सातवीत गेला की या शाळेचं नाव निघतंच. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्समध्ये शिकलेल्या बापाला जेझुइट शाळा ओळखीची वाटते. प्रवेशाची रीत मात्र निराळी आहे, आणि ओळखीचं आहे असं वाटण्यातच बरेच जण फसतात.

पहिली गोष्ट म्हणजे सातवीचं प्रगतिपुस्तक. अर्ज आठवीत भरायचा असला तरी त्याला सातवीचे संपूर्ण आणि आठवीच्या पहिल्या सत्राचे गुण जोडले जातात. आठवीत जाग आली तर निम्मी कागदपत्रं आधीच ठरून गेलेली असतात. गुणांशेजारी वर्तणूक आणि गैरहजेरीचे शेरेही असतात. दर डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणाऱ्यांनी निदान सातवीत सुट्टीच्या तारखा पाळाव्यात.

आठवीचं वेळापत्रक साधारण असं : सप्टेंबर ते नोव्हेंबर ओपन हाऊस (पालकांना शाळा दाखवण्याचा दिवस) आणि शॅडो डे, डिसेंबर-जानेवारीत अर्ज आणि परीक्षा, मार्चमध्ये निकाल. नेमक्या तारखा आणि त्या वर्षी परीक्षा लागते का, हे शाळेच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा. मागच्या वर्षी ज्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला त्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. शॅडो डेला मुलगा दिवसभर तिथल्या विद्यार्थ्याबरोबर वर्गात बसतो. तो चुकवू नका. मुलींशिवायची शाळा आपल्याला चालेल का, याचं उत्तर मुलाला तिथेच मिळतं. ते नको असेल तर त्याच शहरात आर्चबिशप मिटी ही मुलामुलींची कॅथलिक शाळा आहे.

आता परीक्षा. कॅथलिक हायस्कूलं बहुधा एचएसपीटी, म्हणजे हायस्कूल प्लेसमेंट टेस्ट, घेतात. पाच विभाग, २९८ प्रश्न, १४१ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. शाब्दिक कौशल्याचे ६० प्रश्न १६ मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला १६ सेकंद. संख्यात्मक ५२ प्रश्नांना ३० मिनिटं, वाचनाच्या ६२ ना २५, गणिताच्या ६४ ना ४५ आणि भाषेच्या ६० ना २५. प्रश्न अवघड नसतात, वेळ नसतो. गणिताच्या शिकवणीत प्रत्येक पायरी मांडायची सवय लागलेली हुशार मुलं इथेच मागे पडतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला उरलेले सगळे गोल काळे करायचे. ही सवय सरावातच लावा, परीक्षेच्या दिवशी ती सुचत नाही.

सरावाला दहा आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून एक पूर्ण पेपर द्यायला लावा आणि कुठल्या विभागात किती प्रश्न सुटले ते पाहा. बहुतेकदा गळती दोन ठिकाणी असते. एक, शाब्दिक विभागातले तर्काचे प्रश्न : दोन विधानं खरी धरली तर तिसरं खरं, खोटं की अनिश्चित? मुलं ‘अनिश्चित’ निवडायला कचरतात. दोन, भाषेच्या विभागातलं स्पेलिंग आणि विरामचिन्हं. संगणक चुका आपोआप दुरुस्त करत आल्यामुळे हा भाग अनेकांचा कच्चा असतो. रोज दहा मिनिटं हातानं लिहिलेलं शुद्धलेखन हाच उपाय. परीक्षा एकदाच द्यावी. दोन शाळांत दोनदा दिली, तर कमी गुण ग्राह्य धरले जाण्याचा धोका असतो.

शिफारसपत्रं चालू वर्षाच्या इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची लागतात. ऑक्टोबरातच विचारा, आणि विचारायला मुलालाच पाठवा. ही पत्रं गोपनीय असतात, पालकांना दिसत नाहीत. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकाला लिहायला काही सापडत नाही, म्हणून सप्टेंबरपासून त्यानं हात वर करणं हीसुद्धा तयारीच.

अर्जातल्या मुलाच्या निबंधाला तुम्ही हात लावू नका. जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरूपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मांडलेलं ‘इतरांसाठी माणूस’ हे सूत्र जेझुइट शाळांच्या भिंतीभिंतींवर दिसतं, आणि निबंधांतही तितकंच. तेरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात चाळीस वर्षांच्या माणसाची वाक्यं आली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. आजीला फोन लावून देतो, धाकट्या भावाला सायकल शिकवली, एवढं पुरेसं आहे. पालकांचं मनोगत वेगळं मागतात. तिथे तुमचं इंग्रजी खुशाल चालवा.

धर्माबद्दल विचारायला लोक संकोचतात, म्हणून स्पष्ट लिहितो. कॅथलिक नसलेल्या मुलांनाही प्रवेश मिळतो. मात्र धर्माचा अभ्यास हा सक्तीचा विषय आहे, त्याला गुण असतात, आणि शाळेच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, हजर राहावं लागतं. त्यात दिला जाणारा कम्युनियनचा प्रसाद फक्त कॅथलिकांनी घ्यायचा. बाकीच्यांनी जागेवर बसावं किंवा छातीवर हात आडवे धरून आशीर्वाद घ्यावा. समाजसेवाही करावी लागते. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात पंगत वाढली तर ती समाजसेवेत मोजतील असं गृहीत धरू नका, शाळेला आधी विचारा.

फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या बरीच वर जाते. आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी, आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं जोडावी लागतात. तो प्रवेशाच्या अर्जासोबतच भरा. निकालानंतर मागायला गेलात तर मदतनिधी वाटून झालेला असतो. येण्याजाण्यासाठी कॅल्ट्रेनचं कॉलेज पार्क स्थानक शाळेला अगदी लागून आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. वेळापत्रक पाहिल्याशिवाय रेल्वेच्या भरवशावर घर घेऊ नका.

प्रवेश मिळाल्यावर गणिताची पातळी ठरवणारी चाचणी असते. ‘आमच्या मुलाचं जॉमेट्री झालंय’ म्हणत त्याला वरच्या वर्गात बसवायची घाई मराठी घरांत फार. पाया कच्चा राहिला तर तो दहावीत, आल्जिब्रा टूमध्ये उघडा पडतो, आणि कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठं जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, काढताना नेमके दहावी-अकरावीचेच गुण धरतात. चाचणीत एक पायरी खालचा वर्ग मिळाला तर तो घ्या.