मतलई वारा पडला तेव्हा आम्ही बिस्किटं खात होतो : वणवा विझवायला शिकतानाचे तीन सीझन

फेब्रुवारी लागला की मला मेसेज सुरू होतात. ताई वणवा विझवायला यायचंय, कोर्स कुठला करू, वनरक्षक भरती देऊ का अग्निशमन दलाची. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळले म्हणून एकदाच लिहिते. आधीच सांगते, मी एक्स्पर्ट नाही. तीन सीझन डोंगरावर गेलेय, वनरक्षकाच्या भरतीत एकदा धावण्यात आपटले, दुसऱ्यांदा वेटिंगला लटकले ते अजून लटकलेलीच आहे. यशोगाथा हवी असेल तर दुसरीकडे बघा.

मुंबई-ठाण्यातली नॅशनल पार्क, आरे, येऊरची जंगलं तुम्हाला माहीत आहेत असं धरते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम, तो सुरू व्हायच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून व्हायला हव्यात हेही माहीत असेलच. आणि हेही, की आपल्याकडे मार्चमध्ये वीज पडून वणवा लागत नाही, कोणीतरी कचरा पेटवतो, बिडी टाकतो, शेकोटी तशीच सोडून जातो. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावच्या आयटी पार्कमागचा डोंगर पेटला तेव्हा मी गॅलरीतून नुसती बघत होते, माझं खूळ तिथून सुरू झालं.

आता माझी चूक. ही लांबवणारे, कंटाळा आला तरी वाचा.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतंय? दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमीन लवकर गार होते म्हणून समुद्राकडे जातात ते मतलई. दोन मार्कांचा प्रश्न. मला दोन्ही मार्क मिळाले होते आणि डोंगरावर त्यातलं काही आठवलं नाही.

मार्चचा पहिला आठवडा, मालाड पूर्वेच्या बाजूचा डोंगर, उतार पश्चिमेला, खाली बिल्डिंगा. नऊला पोचलो तेव्हा रात्रीचा मतलई अजून चालू होता, वारा पूर्वेकडून, म्हणजे डोंगरावरून खाली. आग गवतातून खाली सरकत होती आणि तिची वरची कड, जिथे आम्ही होतो, ती घोट्याएवढी. हिरव्या फांद्यांनी झोडपलं की विझत होती. इतकं सोपं की आम्ही हसत होतो. आमच्या पाठीमागे, वरच्या बाजूला, कमरेएवढं वाळलेलं गवत होतं, आणि त्याकडे एकानेही मान वळवून बघितलं नाही.

साडेअकराच्या सुमारास वारा पडला. धूर सरळ वर जायला लागला, ज्वाळा बसल्या. आम्हाला वाटलं जिंकलो. कोणीतरी पारले-जी काढला, लीडर फोटो काढायला लागला. पण तो वारा थांबला नव्हता, बदलत होता. दहा मिनिटांनी पश्चिमेकडून खाऱ्या वाऱ्याची झुळूक आली, घामावर गार लागली, मला तर छान वाटली, आणि पुढच्या क्षणी ती घोट्याएवढी कड माझ्या डोक्याच्या वर होती. कारण आता वाराही वर ढकलत होता आणि चढही. साधा ठोकताळा आहे, दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंशांचा चढ असेल तर चौपट, त्यात वारा वेगळा.

लीडर ओरडला वर पळा. मी पळणार होते. आमच्यासोबत पाड्यावरचे एक वनमजूर मामा होते, त्यांनी माझी बॅग मागून धरली आणि कड जिथे अजून बुटकी होती तिथून मला ओढून पलीकडे, जळून काळ्या झालेल्या भागात नेलं. "काळ्यात जळायला काय उरलंय का पोरी?" एवढंच म्हणाले. भुवया गेल्या, डाव्या हाताला कोपरापर्यंत फोड. वर पळालेले दोघं वाचले ते फक्त मध्ये कातळ लागला म्हणून.

तर नीट लक्षात घ्या. मुंबईत पश्चिमेच्या उतारावर सकाळची आग खोटं बोलते. सकाळी जी कड मागची असते तीच दुपारी पुढची होते, आणि आपण नेमके तिथे उभे असतो कारण सकाळी तिथेच सोपं असतं. आता साडेअकराचा अलार्म लावून मोकळं व्हायचं असंही नाही. पूर्वेचा वारा जोरात असेल त्या दिवशी खारा वारा एक-दोन वाजेपर्यंत येत नाही, तो दिवस जास्त तापतो, गवत जास्त वाळतं, आणि मग येतो तेव्हा विचारू नका. घड्याळापेक्षा धूर बघा. धूर सरळ उभा राहिला की बिस्किटं काढायची नाहीत, काळ्यात जायचं. खाली बिल्डिंगांवरचे झेंडे दिसत असतील तर ते बघा, खालचे झेंडे आधी फिरतात. आणि कोणी म्हणेल समुद्राचा वारा दमट असतो, आग मंदावेल. मंदावेल हो, पण वाळल्या गवताला ओलावा धरायला तासभर लागतो आणि वाऱ्याला ढकलायला मिनिटभरही लागत नाही.

हे फक्त आमच्यासारख्या नवख्यांचं होतं असंही नाही. ३० जून २०१३ ला अमेरिकेत ॲरिझोनामध्ये यार्नेल हिलला वणवा विझवणारे १९ जण मेले, सगळे ट्रेनिंग घेतलेले. ते काळ्यातच होते, तिथून निघाले, वादळी ढगातून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली आणि मध्ये सापडले. आपल्याकडे ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर सापडले, वीसहून जास्त माणसं गेली. मी हे रात्री वाचत बसायचे आणि झोप यायची नाही. अजूनही दुपारी खिडकीचा पडदा आत उडाला की पोटात गोळा येतो. तुम्ही असं वाचत बसू नका. किंवा एकदा वाचाच.

अमेरिकेतल्याच पॉल ग्लीसन नावाच्या क्रू-प्रमुखाने १९९१ मध्ये चार गोष्टी मांडल्या: टेहळ्या, संपर्क, पळवाट, सुरक्षित जागा. चारातली एक जरी कमी असली तरी आगीजवळ जायचंच नाही. आम्ही आता एकाला फक्त टेहळणीला ठेवतो, हातात काठी, काठीला जुन्या ओढणीची पट्टी. तो झोडपत नाही, फोटो काढत नाही, पट्टी आणि धूर बघतो. हे काम कोणाला नको असतं, म्हणून मी मागून घेते.

गुरू कोणाला करायचं? माझं मत कडू आहे. ज्याच्या जॅकेटवर सगळ्यात जास्त बॅज, त्याच्यापासून दोन हात लांब. वनमजुरांकडून शिका, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडून शिका. त्यांना शिकवता येत नाही असं लोक म्हणतात, पण तुम्ही गप्प राहून दोन दिवस सोबत चाललात तर दिसतं ते कुठे थांबतात, कशाकडे बघतात. दोन दिवसांचे सर्टिफिकेट देणारे कॅम्प मी दोन केलेत, पैसे गेले, टी-शर्ट मिळाला, तोही पॉलिस्टरचा. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड सुती पँट, चामड्याचे बूट, बस. धुरात मास्क लावा पण त्याने कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, डोकं दुखायला लागलं की बाहेर.

करिअरचं थोडक्यात. कालिन्याची अग्निशमन अकादमी किंवा नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, दोन्ही चांगले, पण तिथलं मुख्य शिक्षण इमारतींच्या आणि कारखान्यांच्या आगीचं. डोंगरावर बंब चढत नाही, तिथे पाला उडवायचा ब्लोअर, फावडं, कोयता आणि पाय. जंगलातच काम करायचं असेल तर वनरक्षक. मुलांना ५ किलोमीटर धावायचं, मुलींना ३. पुढे चार तासांत २५ आणि १६ किलोमीटर चालणं आहे, ते लोक गृहीत धरतात आणि पोटऱ्या धरून बसतात. मी पहिल्या वर्षी क्लासला पैसे भरले आणि धावायला ट्रेडमिलवर गेले, हा दुसरा मूर्खपणा. डांबरावर आणि मातीवर धावा, मे महिन्याच्या उन्हातही थोडं. नाही झालं तर पुढच्या वर्षी. वय हातात असेल तर एक भरती गेली म्हणून काही संपत नाही, हे मी स्वतःलाही रोज सांगते.

आणि ज्यांना नोकरी नकोय, फक्त बिल्डिंगमागचा डोंगर वाचवायचाय, त्यांनी आगीत उतरू नका. खरंच नको. आग दिसली की १०१ आणि वनखात्याचा १९२६, आणि "पिंपळाजवळ" असं सांगू नका, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. उपग्रहाच्या ॲपवर विसंबू नका, बरेचसे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास वरून जातात, सकाळी लागून अकराला विझलेली छोटी आग त्यांना दिसतच नाही. समोरून उलट आग लावून थांबवू असली हुशारी तर अजिबात नको, राखीव जंगलात काडी ओढणं १९२७ च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे. तुमचं काम जानेवारीतलं. कुंपणालगतचं गवत, वाळका पाला, माळ्याने रचलेला कचऱ्याचा ढीग.

आमच्या सोसायटीत हे सुरू करायला दोन वर्षं लागली, सेक्रेटरीकाका म्हणायचे हे वनखात्याचं काम. आता तेच दाताळं घेऊन सगळ्यांच्या आधी उभे असतात. वनपालांना सांगून ठेवलंय, येत्या रविवारपासून कुंपणाबाहेरचा पट्टा साफ करतोय. सात ते दहा. कापलेलं गवत जाळायचं नाही, टेम्पो येणारे. हातमोजे आहेत, पाणी आपापलं आणा.