शिवाराचा आराखडा करताय? या चुका टाळा

"मशीन आलंय तोवर ओढा खोल करून घेऊ." बऱ्याच गावांचा पाणी अडवण्या-जिरवण्याचा आराखडा या वाक्यापासूनच बिघडतो. पोकलेन ओढ्यात घालायला सोपं, फोटोही झकास येतो. पण वर डोंगरउतारावर समपातळी चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे) नसतील, तर दोन जोरदार पावसांत माती वाहून येते आणि ओढा पुन्हा गाळाने भरतो. काम माथ्याकडून पायथ्याकडेच न्यायचं. ओढ्यातला गाळ संपून मुरूम लागला की मशीन थांबवा. हावेपोटी आणखी खाली गेलात, तर काठच्या विहिरींचंच पाणी ओढ्यात पाझरतं आणि उन्हाने उडून जातं.

शेततळ्याचंही तेच. कागदावर ते पावसाने भरतं. प्रत्यक्षात प्लास्टिकचं अस्तर अंथरून विहिरीतून, बोअरमधून उपसून भरलेली तळी कितीतरी दिसतील. जमिनीखाली गार राहिलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, आणि शेजाऱ्याची विहीर फेब्रुवारीतच तळाला! शेततळी वाढूनही टँकर बंद होत नसेल, तर आधी हे तपासा.

मग हिशोब मांडा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्यातलं वाहून किती जातं, मुरतं किती, हे धरून पिकं ठरवायची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात ग्रामसभा पाण्याचा असा ताळेबंद मांडते. तिथे ऊस-केळीला आणि सिंचनासाठीच्या बोअरला बंदी आहे. पाहुणे तिथले चर बघून येतात, बंदी मात्र गावात आणत नाहीत.

माळरानाला 'पडीक' लिहून झाडांसाठी सरसकट खड्डे खणणं ही तर हौसेने केलेली चूक. पवन्या-मारवेलचं गवत म्हणजे जनावरांचं पोट. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ बघा, माळढोक आणि काळवीट गवतावरच राहिले. झाडं लावायचीत ना? बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा.

चराईबंदी करताना शेळ्या कुणाच्या, हे आधी विचारा. बहुधा भूमिहीनांच्या. त्यांना गवत कापून न्यायची मुभा द्या, नाहीतर बंदी रात्री मोडली जाणारच. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरता तळ, कुठे उतरतो तेही नकाशावर घ्या; मेंढ्या बसवल्या की रानाला खत मिळतं.

आणि शिवारफेरी, म्हणजे आराखड्यासाठी गावाने मिळून रान फिरून बघणं, सकाळी दहाला ठेवू नका. मजुरीला जाणाऱ्या बायका तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपत असतात.