सीमेपलीकडे मदत नेण्यापूर्वी: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

नेपाळच्या पश्चिम तराईतील बांके, बर्दिया आणि कैलाली या जिल्ह्यांत थारू समाजाची असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी जमीनदाराच्या शेतावर राबत असत. ‘कमैया’ नावाने ओळखली जाणारी ही वेठबिगारी नेपाळ सरकारने १७ जुलै २००० रोजी रद्द केली, परंतु मुक्तीनंतर जमीन आणि रोजगार यांचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेला नागपुरातून देणगी पाठवण्याचा किंवा तेथे काही दिवस स्वयंसेवक म्हणून राहण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी, तिकिटे काढण्यापूर्वी आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आवाहन करण्यापूर्वी एक कागद हाती घ्यावा. तो म्हणजे संस्थेचे लेखी मागणीपत्र.

मागणीपत्र म्हणजे आभाराचे पत्र नव्हे, आणि फोनवरचे ‘जे आणाल ते चालेल’ हे तर मुळीच नव्हे. देणाऱ्याला नाही कसे म्हणावे या संकोचाने तिकडची माणसे कशालाही हो म्हणतात. मागील खेपेस आम्ही या होकारावर विसंबून गांधीबागेतून घाऊक दराने ब्लँकेटे घेतली आणि सुतळीने शिवलेल्या गोणपाटाच्या गठ्ठ्यांत ती सीमेपर्यंत नेली. भन्सारात, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कचेरीत, एका अधिकाऱ्याने गठ्ठ्याची शिवण चाकूने उसवली, वरचे ब्लँकेट उलटून पाहिले आणि हा माल कोणत्या संस्थेने, कोणत्या पत्रान्वये मागवला, एवढेच विचारले. आमच्याजवळ दुकानाचे बिल होते, देणगीदारांची नावनिशी होती, पत्र मात्र नव्हते. माल तेथेच अडकला, आणि शुल्क भरून तो सोडवेपर्यंत मालाच्या किमतीचा मोठा भाग त्यातच गेला. पुढे संस्थेच्या हिशेबनिसांकडून कळले की तशी ब्लँकेटे नेपाळगंजच्या बाजारात सहज मिळतात, आणि वस्तीला खरी गरज होती ती हातपंपाभोवती उंच ओटा बांधण्याची, कारण पावसाळ्यात पुराचे पाणी पंपात शिरले की पिण्याच्या पाण्याचे हाल होतात. हे त्यांनी आधी का सांगितले नाही, या प्रश्नाला उत्तर एकच आहे: आम्ही विचारले नव्हते.

म्हणून मागणीपत्रात काय असावे हे नीट पाहावे. कोणत्या वस्तीतील किती कुटुंबांसाठी, कोणती वस्तू, किती नग, कोणत्या महिन्यात, ती नेपाळमध्ये मिळते की नाही आणि मिळत असल्यास तेथील भाव काय, वस्तू आणल्यास सीमेवर ती कोण ताब्यात घेणार आणि शुल्क कोण भरणार, हे सर्व संस्थेच्या शिक्क्यानिशी आलेले असावे. शुल्कात सवलत हवी असल्यास तिचा अर्ज नेपाळमधील संस्थेनेच आधी करावयाचा असतो; तुम्ही सीमेवर उभे राहून केलेल्या विनंतीला काही अर्थ नसतो. तिकडे मिळणारी वस्तू येथून नेऊच नये. वापरलेले कपडे तर कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नयेत. ते वेगळे करणे, धुणे आणि वाहून नेणे यांचा खर्च नव्या कपड्यांच्या जवळ जातो, आणि आपल्या माळ्यावरची जागा रिकामी होणे हा मदतीचा हेतू नसतो.

संस्थेची पारख करताना दोन नोंदी पाहाव्यात. नेपाळमध्ये अशा संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदल्या जातात आणि परदेशी साहाय्य घेणाऱ्या संस्थेला समाज कल्याण परिषदेशी संलग्न राहून तिची मान्यता घ्यावी लागते. नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मिळतो का, हे विचारण्यात अपमान नाही. अहवालावर विक्रम संवताचे वर्ष असते आणि तेथील आर्थिक वर्ष श्रावणापासून, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, सुरू होते. तेव्हा सनावळी सुमारे सत्तावन्न वर्षे पुढची दिसली म्हणून नागपुरातील सनदी लेखापालाने दचकू नये. संस्था मुख्यतः अनाथालय चालवत असेल आणि परदेशी पाहुण्यांना मुलांमध्ये राहायला बोलावत असेल, तर तेथून परत फिरावे. नेपाळमधील बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुले गावातून आणली गेल्याची प्रकरणे तेथे उघडकीस आली आहेत. कुटुंबाला मदत करावयाची असेल तर मूल कुटुंबातच राहील असे काम निवडावे.

पैशांच्या बाबतीत बहुतेकांचे तीन गैरसमज असतात. पहिला असा की एफसीआरए हा परकीय देणग्यांचा कायदा येथेही लागतो. तो २०१० चा कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांसाठी आहे. येथून जाणारा पैसा फेमा या १९९९ च्या परकीय चलनविषयक कायद्याखाली येतो. दुसरा असा की वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, म्हणजे नेपाळलाही डॉलरच पाठवावेत. नेपाळशी होणाऱ्या व्यवहारांसाठी परकीय चलन काढण्यास नियमांनी मनाई केलेली आहे. तेथे रुपयांतच पाठवावे लागते. त्यासाठी एनईएफटीवर चालणारी भारत-नेपाळ निधी हस्तांतरण सुविधा २००८ पासून आहे आणि तिची मर्यादा प्रत्येक व्यवहाराला दोन लाख रुपये आहे. संस्थेच्या खात्यावर ती चालेल का, हे शाखेत मागणीपत्र दाखवून विचारावे. होय, येथेही मागणीपत्रच लागते, कारण पैसे कशासाठी हा बँकेचा पहिला प्रश्न असतो. तिसरा गैरसमज करसवलतीचा. नेपाळमधील संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जी ची, म्हणजे देणगीसाठीची आयकर वजावट मिळत नाही, नव्या करप्रणालीत ती एरवीही नाही, आणि आपल्या ओळखीच्या येथील न्यासामार्फत पैसे ‘फिरवून’ ती मिळवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. भारतातील धर्मादाय न्यासाने देशाबाहेर केलेला खर्च साधारणपणे करमाफीस पात्र ठरत नाही, आणि त्या न्यासाच्या विश्वस्तांना आपण विनाकारण अडचणीत आणतो. रोख रक्कम पिशवीत घालून नेणे हा तर विचारसुद्धा नको. भारतीय रुपयाचा भाव १९९३ पासून १.६० नेपाळी रुपये असा बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा असतो, परंतु पावती नेपाळी रुपयांत आणि संस्थेच्या नावानेच घ्यावी.

आता स्वतःविषयी. ‘पडेल ते काम करू’ असे कळवणारा स्वयंसेवक संस्थेला ओझेच असतो, कारण त्याच्यासाठी काम शोधण्याचे आणखी एक काम कोणाला तरी करावे लागते. हिशेब लिहिता येतो, शिलाई यंत्र दुरुस्त करता येते, परिचारिका म्हणून काम केले आहे, असे जे खरोखर येते ते कळवावे आणि तेही मागणीपत्रात लिहून घ्यावे: कोणते काम, किती दिवस, कोणाच्या हाताखाली, जेवणाखाण्याचा खर्च कोणाकडे. औषधे वाटण्याचा मोह वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांनी आवरावा. हंगाम पाहावा. आषाढात धानाची रोवणी चालते तेव्हा दिवसा घरी कोणी नसते, हे विदर्भातल्या भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला सांगायला नको. दशैं (दसरा) आणि तिहार (दिवाळी) या सणांत कचेऱ्या बंद असतात. पौष-माघात दाट धुके आणि कडाक्याची थंडी असते. तिहारनंतरचे काही आठवडे त्यातल्या त्यात बरे.

प्रवासाचे थोडक्यात. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसने लखनौ, तेथून बसने सीमेवरचे रुपईडीहा, पलीकडे नेपाळगंज. जमिनीवरून जाताना भारतीयांना व्हिसा किंवा पासपोर्ट लागत नाही, छायाचित्र असलेले ओळखपत्र ठेवावे. विमानाने जायचे असल्यास पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. टायफॉइडची लस, मच्छरदाणी, नेहमीची औषधे, हे ज्याचे त्याने पाहावे. मागणीपत्राची मूळ प्रत मात्र सामानात नव्हे, अंगावरच्या पिशवीत असावी आणि झेरॉक्स दुसऱ्या माणसाकडे.

तेथे शनिवारी साप्ताहिक सुटी असते, त्या दिवशी कोणी भेटणार नाही. मुलांचे आणि घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि विचारल्यावरही शक्यतो काढू नयेत. घरोघरी पैसे वाटू नयेत. परतताना पावत्या, वाटपाची सह्यांसकट यादी आणि उरलेल्या रकमेचा लेखी हिशेब घ्यावा, आणि नागपुरातील देणगीदारांना तो महिनाभरात पाठवावा. रक्कम उरली असेल तर ती संस्थेने कोणत्या कामावर वळवली हे त्या हिशेबात वेगळ्या ओळीत लिहावे.