चॅनेल निवडताना रिकामी फट शोधू नका

वाय-फाय रडायला लागलं की घरातले आणि नातेवाईक मलाच गाठतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहिलात का? केबलवरही वेग तितकाच कमी असेल तर चॅनेलच्या, म्हणजे वाय-फाय ज्या अरुंद रेडिओ-पट्टीवर बोलतं तिच्या, वाटेला जाऊ नका, दुखणं बहुधा बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

केबलवर सगळं ठीक असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरा. पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, वाय-फायचे दोन रेडिओ-पट्टे) एकच नाव असेल, तर मी ती वेगळी करतो. म्हणजे कोण कुठे जोडलंय ते कळतं. राउटरच्या खोलीतला किंवा लगतच्या खोलीतला टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर. दोन-तीन भिंतींपलीकडची उपकरणं २.४ वर, कारण ५ ची लहर भिंतीत लवकर मरते. स्मार्ट बल्ब आणि स्वस्त प्लग यांना तर बहुधा २.४ शिवाय दुसरं काही कळतच नाही.

खरी मारामारी २.४ वर. तिथे १ ते १३ चॅनेल दिसतात (काही देशांत ११ पर्यंतच), पण ते फसवं आहे. दोन चॅनेलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि एक राउटर जागा अडवतो साधारण २०-२२ मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांना न घासणारे चॅनेल उरतात तीनच: १, ६, ११. लोक ॲनालायझर ॲपमध्ये (आसपासची नेटवर्कं कुठल्या चॅनेलवर, किती जोरात आहेत ते दाखवणारं ॲप) १ आणि ६ वर गर्दी बघतात आणि हुशारीने ३ निवडतात. हे सर्वांत वाईट. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण शिस्त राहते. ३ वर बसलात की दोन्हीकडच्यांना तुमचा नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि तुम्हाला त्यांचा.

मग तिघांतला कुठला? नावं मोजू नका, जोर बघा. जोर डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याजवळ तितका सिग्नल जोरदार: उणे ८५ डीबीएमची पाच नेटवर्कं परवडली, पण उणे ४५ चं शेजाऱ्याचं एक नको. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवा. ४० केली की जवळजवळ अर्धा बँड तुम्हीच अडवता, आणि गर्दीत त्याचा फायदा तुम्हालाही होत नाही. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात ओरडतो. जेवण गरम होताना नेट अडखळत असेल तर संशयित सापडला.

५ गिगाहर्ट्झवर एवढा विचार लागत नाही. ३६ ते ४८ किंवा, तुमच्या देशात परवानगी असेल तर, १४९ च्या पुढचे चॅनेल, रुंदी ८०. मधले ५२ ते १४४ बऱ्याचदा मोकळे दिसतात, पण त्यातले बहुतेक रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटर तिथे आधी किमान एक मिनिट नुसता कान देतो, आणि नंतर कधीही रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून पळतो. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल तर नादी लागू नका.

‘ऑटो’ला, म्हणजे राउटरलाच चॅनेल निवडू देण्याला, माझा विरोध नाही, पण अनेक राउटर ही निवड फक्त चालू होताना करतात. पहाटे, सगळे झोपलेले असताना रीस्टार्ट झालेला राउटर रात्री नऊची गर्दी काय ओळखणार?

बदल केल्यावर पुन्हा त्याच खोलीत, त्याच अडचणीच्या वेळी तपासा. फरक पडला नाही, तर चॅनेलचा नाद सोडा आणि राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर, उंच ठेवा.