१/२४ डेलोरियन: प्लॅस्टिकला स्टेनलेस स्टीलचं रूप कसं द्यायचं

‘बॅक टू द फ्यूचर’मधल्या (१९८५) डेलोरियनचं, म्हणजे टाइम मशीन बनवलेल्या गाडीचं, मॉडेल रंगवताना पहिलीच अडचण अशी की खऱ्या गाडीला रंगच नाही. बाहेरचे पत्रे उघड्या, ब्रश फिरवलेल्या स्टेनलेस स्टीलचे. नुसता चंदेरी स्प्रे मारला तर गाडी रंगवलेली दिसते, क्रोम मारला तर स्वयंपाकघरातल्या चमच्यासारखी. स्टील ओळखू येतं ते एका दिशेने ओढलेल्या बारीक रेघांमुळे, आणि त्या रेघा बॉडीवर एकही वायर चिकटवण्याआधीच ओढाव्या लागतात.

आओशिमा या जपानी कंपनीची १/२४ (खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाच्या मापाची) किट तिन्ही चित्रपटांच्या रूपांत निघाली आहेत. मापं ताडून घ्यायची तर खरी गाडी साधारण ४.२७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १७८ मिमीच्या आसपास यायला हवं.

कापण्याआधी कुठला प्रसंग दाखवायचा ते ठरवा, कारण इथेच जाणकार चूक पकडतात. ‘आउटाटाइम’ ही नंबरप्लेट पहिल्याच चाचणीत निखळून जमिनीवर गरगरते. म्हणून प्लेटही आहे आणि घड्याळाच्या मनोऱ्यावरची वीज पकडणारा मागचा आकडाही आहे, असं मॉडेल कुठल्याच दृश्याशी जुळत नाही. ‘मिस्टर फ्यूजन’ (गाडीवरचं कचऱ्यावर चालणारं ऊर्जायंत्र) लावलं तर प्लेट बारकोडची हवी. कॅलिफोर्नियाची प्लेट १२ × ६ इंचांची असते. १/२४ ला ती १२.७ × ६.३ मिमी भरते.

आता बॉडी. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, नाहीतर साच्याचं तेल राहतं आणि प्रायमर ठिकठिकाणी सुटतो. साच्याच्या जोडरेषा ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. दारांच्या कडा याच वेळी जरा घासून चहूबाजूंनी सुमारे ०.२ मिमी फट ठेवा. प्रायमर, काळा आणि धातूचा असे तीन थर चढल्यावर कडा फुगतात. फट नसेल तर वर उघडणारं दार छताच्या पट्टीला घासतं आणि रंगाचा टवका नेमका सगळ्यांना दिसेल तिथे उडतो.

ग्रे प्रायमरवर चकचकीत काळा लॅकर द्या आणि किमान २४ तास वाळू द्या. धातूचे लॅकर इतके पातळ असतात की खालचा प्रत्येक ओरखडा वर उमटतो. एरवी हा त्यांचा दोष. इथे तोच कामाला येतो. २००० नंबरच्या वॉटर पेपरची सेंटीमीटरभर रुंद पट्टी सपाट खोडरबरावर गुंडाळा आणि काळ्या थरावर पुढून मागे, सरळ, दाब न देता तीन-चार वेळा ओढा. मागे-पुढे घासू नका, गोल तर अजिबात फिरवू नका. एक गोल रेघ गेली तरी उजेडात तीच आधी दिसते. कडांवर पेपर नेऊ नका, तिथला काळा लगेच निघतो.

धूळ पुसून वर अल्क्लॅडचा स्टेनलेस स्टील किंवा मिस्टर कलरचा सुपर स्टेनलेस हा धातूचा लॅकर मारा. एअरब्रशचं नोझल ०.३ मिमी, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर पाच-सात सेंटीमीटर. थर तीन, आणि पहिल्यात काळं अर्धवट दिसलंच पाहिजे. एका दमात झाकलं तर रेघा बुजतात आणि रंग साधा करडा होतो. वर ग्लॉस क्लिअर मारू नका, धातूपणा मरतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. कोरड्या दिवसाची वाट पाहणं परवडतं. झाक आलीच तर रिटार्डर (वाळणं मंदावणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका फवारा कधी कधी वाचवतो.

पुढचे-मागचे बंपर मात्र स्टीलचे नाहीत. खऱ्या गाडीत ते लवचिक प्लॅस्टिकचे, करड्या रंगाचे असतात. त्यांना रेघा नकोत. सेमी-ग्लॉस करडा द्या आणि छटा पत्र्यापेक्षा किंचित वेगळी राहू द्या. बंपरही स्टीलचे केले की मॉडेल खेळण्यासारखं वाटायला लागतं.

चाकं लावताना टायर उलटसुलट करू नका. खऱ्या गाडीला पुढे १९५/६० आर १४ आणि मागे २३५/६० आर १५ असतात. १/२४ ला पुढचा व्यास सुमारे २४.६ मिमी, मागचा २७.६ मिमी. अदलाबदल झाली तर गाडीचं नाक वर येतं.

गाडीच्या अंगावरच्या केबलसाठी किटमधल्या जाड प्लॅस्टिकच्या नळ्या सोडून द्या. खरी १२ मिमीची नळी १/२४ ला अर्धा मिमी होते. ०.५ मिमीची सोल्डर वायर उत्तम: वाकवली तशी राहते. तिच्यासोबत जुन्या इलेक्ट्रिक वायरमधल्या बारीक तारा घेतल्या की जाडीत फरक पडतो आणि जुडगा खरा वाटतो. केबल आधी मॅट काळ्या रंगवा, वाळल्यावर बसवा. इथे सुपरग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने धातूच्या रंगावर पांढरा धूर बसतो आणि तो पुसला जात नाही. फेविकॉल किंवा थोडा इपॉक्सी पुरतो. हातमोजे घाला, बोटांचे ठसेही राहतात.

दिवे लावायचे तर फ्लक्स कपॅसिटरच्या (चित्रपटात कालप्रवास घडवणाऱ्या यंत्राच्या) वाय आकारासाठी ०४०२ मापाचे (सुमारे १ × ०.५ मिमी) तीन पांढरे एलईडी घ्या. ५ व्होल्टच्या यूएसबीवर प्रत्येकाला वेगळा १ किलोओहमचा रेझिस्टर: ५ वजा ३ म्हणजे २ व्होल्ट, भागिले १०००, म्हणजे २ मिलिअँपिअर. या मापाला एवढा उजेड भरपूर झाला. तिघांना मिळून एकच रेझिस्टर दिला तर एक एलईडी जास्त प्रवाह ओढतो आणि बाकीचे मंद राहतात. डॅशबोर्डवरच्या टाइम सर्किटच्या, म्हणजे तारीख-वेळ दाखवणाऱ्या तीन पट्ट्यांचा, क्रम वरून खाली लाल, हिरवा, पिवळा: जायची वेळ, आत्ताची वेळ, मागे सोडलेली वेळ. वायरिंगला ०.१ मिमीची एनॅमल तार घ्या, पण टोकांवरचं एनॅमल खरवडून आधी सोल्डर चढवा; ‘एलईडी पेटत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. बॉडीच्या आतल्या बाजूला काळा रंग दिला नसेल तर प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो आणि पत्रा लाजल्यासारखा गुलाबी दिसतो. म्हणून आतला काळा रंग बाहेरच्या प्रायमरच्याही आधी द्या, आणि बॉडी चासीवर बसवण्यापूर्वी दिवे तासभर चालू ठेवून पाहा. चिकटवल्यावर आत हात जात नाही.