नॉलेज बेसचा मुख्य विषय ओळखताना या चुका टाळा

दुसऱ्याने बांधलेला नॉलेज बेस, म्हणजे संगणकाला वापरता येईल अशी मांडलेली माहिती, आपल्या कामात घ्यायचा, तर तो मुळात कशाबद्दल आहे हे आधी कळायला हवं. घाई नेमकी इथेच होते, आणि मग बरंच काम झाल्यावर सगळं उपसावं लागतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते नाव. ऑन्टोलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांच्यातली नाती यांचा आराखडा. 'जीन ऑन्टोलॉजी' म्हटलं की जनुकांची यादी मिळेल असं वाटतं. फळमाशी, उंदीर आणि यीस्टच्या डेटाबेसवाल्यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या या कामात तशी यादी नाहीच. जनुकापासून तयार झालेला रेणू काय काम करतो, कोणत्या जैविक प्रक्रियेत असतो आणि पेशीत कुठे सापडतो, हे सांगणाऱ्या संज्ञा त्यात आहेत. वरच्या तीन फांद्या उघडून बघितल्या तरी हे कळतं. विषय शोधायला लिहिलेल्या स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रामला) शब्दच सापडत नाहीत? इथले आयडी 'जीओ:०००८१५०' असे आकडी असतात, तेव्हा आयडी सोडून लेबल, म्हणजे माणसांसाठी दिलेलं नाव, वाचा.

दुसरी चूक शब्द मोजण्याची. मँचेस्टर विद्यापीठातून आलेली, शिकवण्यासाठी केलेली पिझ्झा ऑन्टोलॉजी घ्या. तिच्यात टॉपिंगचे क्लास (म्हणजे वस्तूंचे गट) भरपूर आहेत, म्हणून मोजणी 'टॉपिंग' असं उत्तर देते. पण 'हॅजटॉपिंग' हे नातं पिझ्झापासून निघून टॉपिंगकडे जातं, म्हणजे मुख्य विषय पिझ्झाच. मोजण्याआधी नाती कुठून निघतात ते बघा, माझा भरवसा त्यावर जास्त आहे. याच फाइलमध्ये 'चीझीव्हेजिटेबलटॉपिंग' हा क्लास रीझनर (व्याख्यांमधली विसंगती तपासणारा प्रोग्राम) चालवल्यावर लाल, म्हणजे चुकीचा, दिसतो. फाइल बिघडली समजून तो काढू नका. चीज आणि भाजी हे वेगळे गट ठरवलेले असताना एकच वस्तू दोन्हींत घातली की काय होतं, हे दाखवायला तो मुद्दाम ठेवलाय. शिकवण्यासाठी बनलेली ही फाइल हॉटेलच्या मेनूचा पाया म्हणून उचलू नये, ती त्या हेतूने बांधलेलीच नाही.

इम्पोर्टकडेही, म्हणजे एका फाइलने दुसरी फाइल आत ओढून घेण्याकडेही, लक्ष हवं. ओडब्ल्यूएल या ऑन्टोलॉजी लिहिण्याच्या भाषेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेतली वाइनची ऑन्टोलॉजी खाद्यपदार्थांची ऑन्टोलॉजी ओढून घेते, आणि ती उलट वाइनची. दोन्ही एकत्र मोजल्या तर विषयांची सरमिसळ होते. फाइलचे स्वतःचे क्लास वेगळे काढा.

मराठी लेबलं असतील तर एकाच शब्दाचे अनेक अर्थ आडवे येतात. 'कलम' हापूसच्या बागेतलं, कायद्यातलं की लिहायचं? त्याचा वरचा क्लास उघडा: तिथे 'रोप' असेल तर बाग, 'अधिनियम' असेल तर कायदा.